व्याह्यांना ‘वाका’ कसं म्हणायचं?

माझ्या मोठ्या मामांना आयुष्यात कधी कशाची लाज वाटलेली नाही. त्यांच्या वाट्याची जी लाज देवाने वरून पाठवली असेल, ती पत्ता चुकून जळगावात पिंप्राळ्याला आमच्या घरी आली आणि मी ती सही करून घेतली, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. मामा फैजपूरचे, केळीचे बागायतदार. मोबाईलवर ते अशा आवाजात बोलतात की समोरच्याने फोन ठेवून दिला तरी त्याला ऐकू जात असावं. लग्नात पंगतीला बसले की वाढप्याला लांबून हाक मारून सांगतात, “आमच्या भाचीले वरण वाढ रे, ती मांगनार नाही. मरीन, पन मांगनार नाही!” मग न मागणारी मुलगी दिसते कशी, ते बघायला सगळी पंगत माझ्याकडे वळते. मामांच्या घरात भाचीच्या पाया पडायची रीत आहे. इतरांचे मामा ही रीत दिवाळीला, घरातल्या घरात उरकतात. आमचे मामा भाची जिथे दिसेल तिथे उरकतात. मी जळगावात एका खासगी बँकेच्या शाखेत काम करते. एकदा ते केळीचा घड खांद्यावर घेऊन थेट काउंटरच्या आत आले, घड माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला, खाली वाकून माझ्या पायांना हात लावला आणि रांगेकडे वळून म्हणाले, “ही माही भाची. पूर्न इंग्लिशमधी शिकेल आहे.” रांगेतल्या एका आजोबांनी नुसतेच हात जोडले. मी टेबलाखाली वाकून, न पडलेलं पेन बराच वेळ शोधत राहिले.

मी मुळातच हळू बोलणारी. शाळेत हजेरीला मी ‘येस मॅडम’ इतकं बारीक म्हणायचे की बाईंनी निम्मं वर्ष माझी गैरहजेरी मांडली असेल. रिक्षावाल्याला “इथे थांबवा” म्हणायचं धाडस होईपर्यंत घर मागे जातं, म्हणून मी नेहमी एक चौक आधीपासून तयारी करते. अशा मुलीला असे मामा का मिळाले, याचं उत्तर आईकडे मागितलं तर ती म्हणते, “भाऊचं मन मोठं आहे गं.” मन मोठं आहे हे खरं, पण ते नेहमी रस्त्याच्या मधोमध उभं असतं.

हे मामा एका सकाळी केळीला खत सोडायची फायबरची टाकी आणायला धुळ्याकडे नरडाण्याला गेले आणि संध्याकाळी शिडाची होडी घेऊन परत आले. टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या आवारात ती पडून होती. कुणा हौशी गिऱ्हाइकाने करून घेतली होती आणि नेलीच नव्हती. छोटीशी, चारपाच माणसं बसतील एवढी, खाली दोन चाकांचा गाडा, वर काढता-घालता येणारी डोलकाठी, एक पांढरं शीड आणि शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा. टाकी बघायला म्हणून मामा मागे गेले, होडीत बसून बघितलं आणि उतरलेच नाहीत. पिकअपच्या मागे ती ओढत त्यांनी चोपडा, यावल असं सगळं गाजवत फैजपूरला आणली. मामी अंगणात आल्या. त्यांनी होडीला एक फेरी मारली आणि विचारलं, “टाकी कुठी आहे?”

“हे काय,” मामा म्हणाले, “फक्त वरतून उघडी आहे.”

नवीन ट्रॅक्टर आला की जे जे करतात ते सगळं होडीचं झालं. हळद-कुंकू, लिंबू-मिरची, हार. नारळ फोडायला दगड शोधण्यात वेळ नको म्हणून मामांनी तो होडीच्या टोकावरच आपटला. नारळ फुटला नाही, होडी फुटली. पाण्याचं तोंड बघण्याआधीच तिला टाकी बुजवायच्या सामानाने ठिगळ लागलं. पिकअपवर नावं रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं, त्याने सवयीने मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं, आणि एका बाजूला जागा उरली म्हणून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. शीड ठेवायला शेडमध्ये घडांच्या खाली जागा होती, तिथे ठेवलं. केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत हे फैजपुरात जन्मलेल्या माणसाला सांगायला हवं का? पण ते सांगेपर्यंत पांढऱ्या शिडावर तपकिरी नकाशा उमटला होता.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. तापीच्या धरणाचा फुगवटा पार वरच्या शेतांपर्यंत भरला होता. नवरात्रापासून आमच्या दर रविवारच्या सहली सुरू झाल्या. आई आणि मी जळगावहून यायचो, मामी भाकरी-ठेचा बांधून घ्यायच्या, आणि मामा फैजपुरातूनच नारिंगी तरंगजाकीट अंगात घालून पिकअप चालवायचे. मामांना पोहता येत नाही, त्यामुळे जाकिटाच्या बाबतीत ते फार कडक होते, म्हणजे पाण्यापासून तासभर दूर असल्यापासून कडक होते. पेट्रोल पंपावर जाकीट, बाजारात वांगी निवडताना जाकीट. एकदा तर वाटेत कुणाच्या तरी दशक्रियेला टेकून यायचं होतं, तिथेही जाकीट. आम्ही गाडीतच बसलो होतो. मी मान खाली घालून मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसले.

होडी चालवायचं शास्त्र मामांनी माझ्यावर सोपवलं, कारण ते सगळं इंग्रजीत होतं. रात्री व्हिडिओ बघायचे आणि रविवारी मराठीत सांगायचं, हे माझं काम. मी सांगितलेला एकही शब्द मामांनी ठेवला नाही. शीड ओढायचा दोर म्हणजे कासरा. मागचं सुकाणू म्हणजे दांडी. होडी वळवताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, ती पालटी. पालटी घेताना तो शिडाचा आडवा दांडा सगळ्यांच्या डोक्यावरून फिरतो, म्हणून मामा आधी गरजायचे, “पालटी! वाका!” आणि आम्ही तिघी एकदम भाकरीच्या टोपलीवर वाकायचो. डावं-उजवं तर त्यांना मान्यच नव्हतं. “होडी फिरली की डावं उजवं होते. सातपुडा फिरते का?” म्हणून आमच्या होडीवर दिशा चारच होत्या: सातपुडा, मुक्ताईनगर, रावेर आणि भुसावळ. “भुसावळकळे घे, भुसावळकळे! आता सातपुळ्याकळे! अवं माय, तू रावेरले चालली!” हे सगळं पाण्यावरून काठापर्यंत स्वच्छ ऐकू जायचं. काठावर बघे जमायचे. मासे धरणारे आपली जाळी बाजूला ठेवून बसायचे आणि दर रविवारी न चुकता विचारायचे, “नाना, इंजिन घरी इसरले का?” मामा तितक्याच प्रेमाने उत्तर द्यायचे, “आहे ना! भाची आहे ना आमची!” त्यावर मी कासऱ्याशी चाळा करत मान खाली घालायचे. कुणीतरी आमचा व्हिडिओ काढून टाकला. सोमवारी बँकेत मला सगळे कॅप्टन म्हणायला लागले. शिपायाने चहा ठेवताना सलाम केला. मी त्या आठवड्यात डबा एकटीनेच खाल्ला.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. रावेरकडचं वारं नीट लागलं की शीड फुगायचं, कासरा हातात जिवंत व्हायचा, आणि मग आमच्या होडीवर एकदम शांतता व्हायची. आई बोलायची थांबायची. मामासुद्धा थांबायचे. खाली कुणाची तरी बुडालेली शेतं, वर सातपुड्याची निळी रेघ, आणि मध्ये नुसता पाण्याचा आवाज. त्या तेवढ्या वेळापुरती मला कुणाची लाज वाटायची नाही, कारण बोलायचंच काही नसायचं.

दिवाळीत माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा झाला. मामांची ती एकुलती मुलगी, पुण्याला नोकरीला असते. मुलगाही तिथलाच, दोघांनी आपसातच ठरवलं होतं. मुलाकडचे धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याच्या बाजूच्या एका गावचे. त्यांची बोली अहिराणी, आपली वेगळी, म्हणून मामी पहिल्यापासून जपून होत्या. मुलाचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, कमी बोलणारे होते. कडक खळ केलेली पांढरी टोपी, ती त्यांनी साखरपुड्यात जेवतानाही काढली नाही. लग्नाची तारीख अजून ठरायची होती. संक्रांतीनंतर आबा आणि विहीणबाई तेवढ्यासाठी फैजपूरला येणार होते, आणि मामांनी त्यांना होडीतून फिरवायचं ठरवलं.

“अहो, तारीख ठरवायची आहे,” मामी म्हणाल्या. “घरात बसा, पुरनपोळी खाऊ घाला, तारीख ठरवा.”

“पुरनपोळी कोनीबी खाऊ घालते,” मामा म्हणाले. “व्याह्याले जहाजात कोन बसवते?”

काठावर भरिताचा बेत होता. मामी, आई आणि विहीणबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला बसल्या. मामींनी कॅलेंडर गुंडाळी करून पिशवीत आणलं होतं. होडीत आम्ही तिघंच चढलो: आबा, मामा आणि मी. घोळ चढतानाच झाला. होडीत सगळ्यात चांगली, टेकून बसायची जागा मागे आहे, आणि तिथेच दांडी आहे, म्हणजे ती चालवणाऱ्याची जागा आहे. पण मुलीच्या बापाने व्याह्यांना मधल्या फळीवर बसवायचं, हे मामांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी पिकअपमधली सतरंजी मागे अंथरली, तिच्यावर उशी ठेवली आणि म्हणाले, “या, बसा. ही मानाची जागा.” आबा बसले. हात ठेवायला काहीतरी लाकूड आहे म्हणून त्यांनी कोपर दांडीवर टेकवलं. मामांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. व्याह्यांना ‘हात काढा’ कसं म्हणायचं?

तशी होडी थोडा वेळ छान चालली. मामा डोलकाठीपाशी अवघडून उभे, मी कासरा धरून. आबा काही बोलत नव्हते, पण त्यांना आवडत असावं, कारण त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. मग दूर पाण्यावर रानबदकांचा थवा उतरला, तो बघायला आबा सावकाश वळले आणि त्यांच्याबरोबर दांडीही वळली. वारं पाठीवर आलं. माझ्या हातातला कासरा एकदम ढिला पडला. पालटी येणार हे मला कळलं, मामांनाही कळलं. वारं पाठीवर असताना तो आडवा दांडा सावकाश फिरत नाही, तो येतो. एरवी जे मामा आम्हाला मुक्ताईनगरपर्यंत ऐकू जाईल असं ‘वाका’ म्हणायचे, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “आबासाहेब, माफी असावी, आपली इच्छा असीन तं, आपन जरासं, म्हंजे मान…”

मीसुद्धा म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, “एक्स्क्यूज मी, अंकल.”

दांड्याने आमच्या दोघांच्याही वाक्यांची वाट पाहिली नाही. देवाची कृपा, डोक्याला लागला नाही, फक्त टोपी घेऊन गेला. ती पाण्यावर पडली आणि खळ कडक असल्यामुळे आमच्या होडीपेक्षा जास्त तोल सांभाळत मुक्ताईनगरकडे निघाली. आबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मामांनी टोपीचा पाठलाग करायचं ठरवलं, पण दांडी अजून आबांच्या काखेत, आणि आबांना हुकूम द्यायचा नाही, म्हणजे “आबासाहेब, आपल्याले वाटलं तं थोळं भुसावळकळे” असा तो पाठलाग. आबा धुळ्याकडचे. इथून भुसावळ कुठे आहे हे त्यांना काय माहीत? आम्ही टोपीभोवती दोन चकरा मारल्या आणि दोन्ही वेळा तिला आणखी पुढे ढकललं. काठावरून मासेवाले जीव तोडून ओरडत होते, “नाना, हात घाला, हात!” तिसऱ्या वेळेला टोपी दिसेनाशी झाली.

ते भरीत मी विसरणार नाही. वांगी उत्तम भाजली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या होत्या, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आबा डोक्याला रुमाल बांधून बसले होते. मामांनी आपली टोपी काढून पुढे केली, आबांनी मान हलवून नको म्हटलं. मग मामांनाही ती घालवेना. दोन मोठी माणसं बोडक्या डोक्याने समोरासमोर बसून खाली मान घालून जेवत होती. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, “भरीत गोड लागनं हा.” कॅलेंडर पिशवीतून बाहेर आलंच नाही.

त्यानंतर धुळ्याकडून फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मामींनी पुण्याला मुलीला विचारलं, ती म्हणाली, “त्यांच्या घरीही कुणी काही बोलत नाहीये. आई, तिथे नक्की झालं काय?” काय सांगणार? मामांनी होडी शेडमध्ये ढकलली आणि वरून ताडपत्री घातली. चौकातून जायचे ते बागेमागच्या पांदीच्या वाटेने जायला लागले. एकदा रात्री त्यांचा मला फोन आला. मला काही ऐकूच येईना. मी म्हणाले, “मामा, मोठ्याने बोला ना.” आणि म्हटल्यावर मीच चपापले, कारण हे वाक्य मी त्यांना म्हणण्याची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“पोरी,” ते पलीकडून हळू म्हणाले, “माह्या हौशीपायी तिची सोयरीक मोडीन का वं?”

लाज हा माझा लहानपणापासूनचा विषय. लाजलेला माणूस कसा श्वास घेतो ते मला ओळखू येतं. मामांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढ्या वयात त्यांना ती लाज एकदम, एकरकमी मिळाली होती, आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हणाले, “आपण जाऊ या का त्यांच्याकडे?” हे मी म्हणाले, याचं मला अजून नवल वाटतं.

रविवारी आम्ही दोघं पिकअपने निघालो. नवी टोपी खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. मामांच्या अंगात जाकीट नव्हतं, साधा शर्ट होता, त्यात ते मला बारीक दिसले. अमळनेर गेलं, नरडाण्याचा फाटा आला, टाक्यांच्या कारखान्याची पाटी आली. मामांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. गावात आबांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा गोठ्याच्या दाराशी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस आम्हाला स्पष्ट दिसला. आम्ही उतरलो तोवर तो आत गेला होता.

“त्या घर नही शेत,” म्हणजे ते घरी नाहीत, असं विहीणबाई म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला. गोठ्यात म्हशीच्या चार पायांमागे आणखी दोन पाय दिसत होते, पायांत चपला होत्या.

मामा गोठ्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. खोकं दोन्ही हातांत धरून ते म्हशीला उद्देशून म्हणाले, “आबासाहेब, चूक झाली. मले जे सांगा ते कबूल आहे. होडी विकून टाकतो. पन पोरीवर राग नका धरू.”

म्हशीने कान हलवले. मग म्हशीमागून आवाज आला, “तुम्ही काबर माफी मांगतस? चूक मनी शे.”

“तुमची?”

“ते लाकूड मी धरेल व्हतं ना! माले काय म्हाईत ते चालाडानं लाकूड शे? मी आपला हात टेकाडी बसनू. मी बठ्ठासले बुडाई देतू. ही पोर बुडती, तुम्ही बुडतात.” आता आबा बाहेर आले. टॉवेल, तांबडं झालेलं तोंड. “माले लाज वाटनी. फोन कसा करू? आणि तुमनी गाडी देखी तं वाटनं, सोयरीक मोडाले उनात.”

अंगणात विहीणबाई पदराआड हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं. मग मामांनी श्वास घेतला आणि मला त्यांचा तो जुना, मुक्ताईनगरपर्यंत जाणारा आवाज परत ऐकू आला, “अहो आबासाहेब, ते लाकूड तुमच्या हातात मीच देलं ना! तुम्हाले ‘वाका’ म्हनायची माही हिंमत नाही झाली!”

“नही कशी? म्हनानं! शिव्या द्या माले,” आबा म्हणाले, “पन येळवर द्या.”

“व्याह्याले कसं म्हनू?”

आबांनी विचार केला. मग माझ्याकडे बोट केलं. “ती पोरले सांगा. तिनी सांगं का मी वाकसू. पोरनं आयकाले काय लाज शे?”

तारीख तिथेच अंगणात, चहा पिता पिता ठरली. वैशाखातली. आबांनी नवी टोपी घातली, आरशात न बघता दोन्ही हातांनी सरळ केली आणि विचारलं, “मंग परत कधी बसाडतस?”

होळीच्या आधीच्या रविवारी शेवटची फेरी झाली. पाणी ओसरायला लागलं होतं, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. आबा नारिंगी जाकीट घालून मधल्या फळीवर बसले, स्वतःहून. टोपी हनुवटीखालून सुतळीने बांधली होती. दांडीवर मामा, कासऱ्यावर मी. काठावर मासेवाले, मामी, आई, विहीणबाई, आणि ऐकून आलेलं अर्धं फैजपूर. मामांनी मला सांगून ठेवलं होतं, “मी पालटी म्हननार नाही. मी फक्त तुह्याकळे पाहीन.” वारं फिरलं. कासरा हलका झाला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. काठावरचे लोक दिसत होते, मोबाईल वर धरलेले दिसत होते, माझे कान तापले होते. रिक्षावाल्याला थांबवायच्या वेळेसारखी मी एक चौक आधीपासून तयारीत होते. आणि मग मी ओरडले, “आबा, वाका!”

माझा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. तो पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या काठावर आपटून परत आला. आबा वाकले. त्यांच्याबरोबर मामाही वाकले, वाकायची काही गरज नसताना. दांडा वरून गेला आणि टोपी जिथल्या तिथे राहिली. काठावर आरडाओरडा झाला, कुणीतरी शिट्टी वाजवली. मी लाजेने कासऱ्यावर कपाळ टेकवलं. आबा वाकूनच होते. थोड्या वेळाने त्यांनी तसंच विचारलं, “पोरी, आते उठू का?”

वैशाखात लग्न झालं. मामेबहीण पुण्याला गेली, म्हणजे आधीही ती तिथेच होती, पण आता गेली. लग्नानंतर एकदा मी फैजपूरला गेले तेव्हा मामा म्हणाले, “चाल, पानी पाहून येऊ.” पाणी कुठेच नव्हतं. फुगवटा पार आत, नदीच्या पात्राला चिकटून बसला होता, आणि आम्ही जिथे होडी फिरवायचो तिथे लोकांनी गाळपेरा केला होता. ओल्या गाळात टरबुजांचे वेल पसरले होते. मामा बांधावरून चालत मला दाखवत होते, इथे आपन पहिली पालटी घेतली, इथे तुझी आई देवाचं नाव घेत होती. एका शेताच्या मध्ये बुजगावणं होतं. काठ्यांवर फाटका सदरा, वर मडकं, आणि मडक्यावर एक टोपी. खळ गेलेली, गाळाने मातकट झालेली.

मामा थांबले. त्यांनी चप्पल काढली, का ते त्यांनाच माहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “राम राम, आबासाहेब.”

“मामा, मागून घेऊ या का?” मी म्हणाले. “त्यांना परत देऊ.”

“राहू दे,” मामा म्हणाले. “मानाची जागा आहे.”

ते पुढे निघाले. ओल्या मातीत त्यांचे पाय रुतत होते. यंदा ते थोडे वाकून चालत होते, डोक्यावरून काही जात नसताना. बरंच पुढे गेल्यावर, मागे न बघता त्यांनी विचारलं, “येत्या साली पानी आलं की येशीन ना वं? आता तं तूच एकटी आहे.”

“येईन,” मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. वारं सातपुड्याकडून होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. ते तसेच चालत राहिले, उत्तराची वाट न बघितल्यासारखे.

मग मी ओरडले. टरबुजं तोडणाऱ्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. लाज वाटलीच. पण तोवर मामांनी वळून हात वर केला होता.